सानुग्रह मदत नव्हे, भरपाईचा हक्क: विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मी पनवेलला राहते आणि घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत नऊवारी शिवणं. 22 वर्षं हे काम केलं. आता मशीन घरात आहे, पण कापायचं काम माझ्या हातून होत नाही. ते का होत नाही आणि गेली दोन वर्षं मी कुठेकुठे फिरले, हे तुम्हाला सांगायचं आहे. कारण मी जिथे अडकले आहे तो पेच कायद्यातला आहे, आणि कायदे-नियम तुमच्या सभागृहांत होतात.

जानेवारी 2024 मधला एक रविवार. माहेरची मंडळी आली होती म्हणून आम्ही नऊ जण बोटीने किल्ला बघायला गेलो. परतताना ओहोटी लागली होती. पाणी उतरलेलं, त्यामुळे धक्क्याच्या अगदी खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरायचं होतं. बोट नीट बांधलेली नव्हती. पुढचा दोर एका कोवळ्या पोराने हाताला गुंडाळून धरला होता, मागचा मोकळाच. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, सारखा "चला, उतरा, उतरा" करत होता, पुढच्या फेरीची माणसं वर ताटकळली होती. मी उजवा हात पायरीच्या कडेवर टेकवला, एक पाय वर घेतला, तेवढ्यात शेजारून दुसरी बोट जोरात गेली आणि तिच्या लाटेने आमची बोट धक्क्यावर आपटली. धक्क्याला टायर बांधलेले होते, नाही असं नाही. पण ते वर, भरतीच्या पाण्याच्या उंचीवर. खाली नुसता दगड होता. बोटीची कड आणि तो दगड यांच्या मध्ये माझा हात सापडला.

अंगठ्याचं हाड मुळाशी मोडलं, दोन बोटांच्या नसा तुटल्या. दोन ऑपरेशनं झाली, आत प्लेट आहे. फिजिओथेरपी सात महिने केली. आज मी चहाचा कप धरते, मोबाइल धरते, भाजीची पिशवी उचलते. पण अंगठा पहिल्या बोटाला टेकत नाही. कापडाची कात्री जड असते, लोखंडी. तिच्या कड्यात अंगठा घालून तो पुढे रेटावा लागतो, तेव्हा पातं चालतं. माझा अंगठा तेवढा जोर घेतच नाही. अस्तराचं कापड कसंबसं कापते, खण किंवा पैठणीचा काठ आला की पातं अडकतं. गिऱ्हाइकाच्या महागड्या कापडावर हात थरथरतो, म्हणून मी घेणंच बंद केलं. महिन्याला 18-20 हजार सुटायचे. आता साड्यांना फॉल लावून पाच-सहा हजार होतात, तेही मुलीने मदत केली तर.

औषधपाण्याचा खर्च 1 लाख 86 हजार झाला. बोटीच्या मालकाने तिसऱ्या दिवशी माणूस पाठवला, 15 हजार रुपये आणि एक स्टॅम्प पेपर घेऊन. "माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही" असं त्यावर टाइप केलेलं होतं. सही करायला माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून तो माणूस अंगठा मागत होता. डाव्या हाताचा. माझ्या नवऱ्याने त्याला दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी आम्हाला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फक्त हे बरोबर नाही, एवढंच कळत होतं.

मग सुरू झाली कागदांची गोष्ट. तिचा प्रत्येक तुकडा तुमच्या हातातल्या नियमांशी जोडलेला आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

तिकीट म्हणून आम्हाला दिली होती पावतीपुस्तकातली अर्ध्या विताची चिठ्ठी. त्यावर एक क्रमांक, "150 रु." आणि एक पुसट शिक्का. बोटीचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, मालकाचं नाव नाही, विम्याची तर बातच सोडा. अपघात झाला त्या धांदलीत बोटीचा नंबर कोण बघणार? आम्हाला बोट सापडली ती भाचीच्या सेल्फीमुळे. तिच्या मागे बोटीच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, आकडे अर्धवट आले होते. ते मोठे करून करून, धक्क्यावर दोनदा जाऊन, आम्ही बोट ओळखली. रस्त्यावर मोटारीने धडक दिली तर पुढे-मागे नंबरपाटी असते आणि नंबरवरून विमा निघतो. खाडीत धडक बसलेल्या माणसाने भाचीच्या सेल्फीवर अवलंबून राहायचं का?

दुसरा कागद म्हणजे दवाखान्याचा केसपेपर. हात रक्ताने भरलेला, रात्रपाळीचे डॉक्टर घाईत. त्यांनी विचारलं, काय झालं? घरच्यांनी सांगितलं, बोटीतून उतरताना लागलं. त्यांनी लिहिलं, "उतरताना पडून इजा". बोट हा शब्दच नाही. पोलिसांना कळवायची नोंद झाली नाही. त्या तीन शब्दांवर आज समोरची बाजू उभी आहे: बाई स्वतःच घसरून पडल्या, बोटीचा काय संबंध? मी या पत्रातून प्रत्येक प्रवाशाला हात जोडून सांगते, कितीही वेदना असल्या तरी केसपेपरवर "बोटीच्या अपघातात इजा" एवढं लिहून घ्या. मला हे आठ महिन्यांनी कळलं.

तिसरा कागद नाहीच. तो म्हणजे धक्क्यावरची नोंद. पंचनामा नाही, तांडेलाचा जबाब नाही, त्या दिवशी बोटीत किती माणसं होती याची यादी नाही. मी तक्रार द्यायला गेले तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. पाण्यातलं असेल तर तिकडे, धक्क्यावरचं असेल तर इकडे. माझा हात नेमका दोन्हींच्या मध्ये सापडला होता, म्हणून मी दोन्हीकडच्या खुर्च्यांवर बसून आले.

आता कायद्याकडे वळते. मी वकील नाही. पण दोन वर्षांत जे वाचलं, विचारलं, ते नीट समजून घेतलं आहे.

रस्त्यावर अपघात झाला तर मोटार वाहन कायदा आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनीच 48 तासांत त्या न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. कलम 164 खाली तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला 5 लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मागता येतात. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तरी मृताच्या घरच्यांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार देण्याची सोय आहे. रेल्वेसाठी वेगळं दावा न्यायाधिकरण आहे, तिथे मृत्यूची भरपाई 8 लाख ठरलेली आहे आणि इजांचा तक्ता लिहिलेला आहे. कोणता अवयव गेला तर किती, हे कागदावर आहे.

बोटीच्या प्रवाशाला असं एक ठरलेलं दार नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 आला, त्याने 1917 चा इंग्रजांच्या काळातला कायदा बाजूला सारला. त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, चालवणाऱ्यांची पात्रता आहे, विमा आहे, अपघाताची खबर देण्याची जबाबदारीही आहे. कायदा वाचताना मला बरं वाटलं होतं. पण त्यातला विमा प्रवाशापर्यंत कसा पोचायचा? पॉलिसी मालकाच्या कपाटात, क्रमांक मालकाला ठाऊक, आणि मी पनवेलला. तीन पत्रं लिहूनही मला त्या बोटीच्या पॉलिसीची प्रत मिळाली नाही.

म्हणून मी ग्राहक आयोगात गेले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने मला खरोखर आधार दिला, हे मोकळेपणाने सांगते. तिकीट काढलं म्हणजे मी ग्राहक. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, अपघाताच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. कुठल्या आयोगात जायचं हे मोजलेल्या पैशावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. माझं तिकीट 150 रुपयांचं, म्हणून जिल्हा आयोग, आणि शुल्क शून्य. मुदत मात्र दोन वर्षांची. ती मला ऐन वेळी कळली. हात बरा होईल, मग बघू, या आशेवर मी पहिलं वर्ष घालवलं होतं. ज्याच्या हाताला, पायाला लागलं आहे त्याला मी सांगेन, बरं होण्याची वाट बघत कागद थांबवू नका.

पण ग्राहक आयोग हा बोटीच्या अपघातासाठी बनलेला नाही. तिथे सगळं मीच सिद्ध करायचं. दोर सैल होता, टायर वर होते, लाट आली होती, हात घसरून नाही तर चेंगरून मोडला. साक्षीदार कोण? घरची आठ माणसं, म्हणजे हितसंबंधी. बाकीचे प्रवासी कुठले, कोण, त्यांची यादीच नाही. कायदा म्हणतो तक्रार तीन महिन्यांत, फार तर पाच महिन्यांत निकाली निघावी. माझ्या तारखा चालू आहेत.

समोरच्या बाजूचे दोन मुद्दे इथे सांगायला हवेत, कारण उद्या ते दुसऱ्या कोणाच्या तरी पुढ्यात ठेवले जातील. पहिला मुद्दा: दोर धरणारा पोरगा रोजंदारीवरचा, त्याच्या चुकीला मालक कसा जबाबदार? मे 1995 मध्ये पंजाबातल्या एका शाळेची 14 मुलं सहलीत बियास नदीत बुडाली. मुलांसोबत शिक्षक होते. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेलाच जबाबदार धरलं आणि प्रत्येक मुलामागे 5 लाखांची भरपाई कायम केली. ज्याच्या कामावर माणूस आहे, त्या कामातल्या त्याच्या हयगयीची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. 14 घरांनी त्यासाठी सहा वर्षं काढली. मालकाने त्या पोराला पुढे करावं याचं मला फार वाईट वाटतं. दोर कसा बांधायचा हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. माझा राग त्याच्यावर नाही. मी कळवळले तेव्हा तोच रडत होता.

दुसरा मुद्दा अपंगत्वाच्या टक्क्यांचा. माझ्या दाखल्यावर 22 टक्के आहे. समोरचे म्हणतात, 22 टक्के म्हणजे कमाईचं नुकसानही 22 टक्केच. 2011 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे गणित चूक ठरवलेलं आहे. एक हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी जाणारही नाही, असं उदाहरणच न्यायालयाने दिलं आहे. अवयवाचा टक्का वेगळा आणि पोटाचा टक्का वेगळा. तो निकाल मोटार अपघाताचा आहे आणि मोटार न्यायाधिकरणांत रोज वापरला जातो. बोटीतल्या प्रवाशाला तो आपल्या वकिलाकडून शोधून आणून, आपल्यालाही लागू होतो असं पटवून द्यावं लागतं. शिंपिणीचा अंगठा रस्त्यावर मोडला काय किंवा धक्क्यावर मोडला काय, कात्री तेवढीच जड असते.

तुम्ही म्हणाल, मोठा अपघात झाला की सरकार मदत करतंच. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, 15 माणसं गेली. मी तेव्हा फिजिओथेरपी संपवून घरी होते. टीव्हीवर ती धडक बघितली आणि दोन रात्री झोप लागली नाही. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना 5 लाख जाहीर केले, पंतप्रधानांच्या निधीतून वारसांना 2 लाख आणि जखमींना 50 हजार जाहीर झाले. ही मदत तातडीने लागते, ती दिलीच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण सरकारी भाषेत तिला सानुग्रह अनुदान म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. ती जाहीर होते, मागता येत नाही. खांदा निखळलेल्यालाही 50 हजार आणि ज्याचा पाय कायमचा गेला त्यालाही 50 हजार. तो काय काम करत होता, घरात किती तोंडं आहेत, पुढची वीस वर्षं तो काय करणार, हे त्यात कोणी विचारत नाही. ते विचारलं जातं फक्त भरपाईच्या दाव्यात.

आणि ज्या अपघातात एकच हात मोडतो त्यासाठी काहीच जाहीर होत नाही. टीव्ही येत नाही, कोणी भेटायला येत नाही. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटली, दोन पर्यटक गेले. मे 2024 मध्ये उजनीच्या पाण्यात कळाशीहून येणारी-जाणारी बोट वाऱ्यात उलटून सहा जण गेले. ही नावं लक्षात राहतात. पण धक्क्यावर घोटा मोडलेली आजी, इंजिनच्या पट्ट्यात ओढणी अडकलेली मुलगी, पॅरासेलिंगच्या दोराने खांदा उखडलेला तरुण, यांची नोंद कुठे आहे? फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा असाच होता. त्याने "स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहिलेल्या फॉर्मवर सही केली होती म्हणून तो तक्रारही करणार नव्हता. मी त्याला सांगितलं, अशी सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही, 2019 च्या कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्धही दाद मागता येते. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

माझ्या सासूबाई रेवसकडच्या. त्यांच्या लहानपणी घराघरात रामदास बोटीची गोष्ट सांगायचे. 17 जुलै 1947, गटारी अमावास्येचा दिवस, मुंबईहून सणाला निघालेली माणसं, आणि काशाच्या खडकाजवळ सहाशेहून जास्त जीव गेले. त्यांच्या आळीतल्या एका घराने त्यानंतर बोटीत पाय ठेवला नाही. मला कोणी बोटीत पाय ठेवू नये असं वाटत नाही. भाऊच्या धक्क्याहून मोरा-रेवसला, दिघीहून आगरदांड्याला, दाभोळहून धोपाव्याला, राजपुरीहून जंजिऱ्याला माणसं जातात, त्यात शाळेची पोरं असतात, मासळीच्या टोपल्या असतात, बाळंतिणी असतात. बोटवाल्यांची पोटंही त्यावरच आहेत, आणि पावसाळ्यात त्यांची फेरी बंद असते हेही मी जाणते. चांगला विमा असला तर बुडणार नाही तो बोटवालाच. एका अपघाताने ज्याची बोट विकावी लागेल, तो माणूस खरं बोलणार नाही, स्टॅम्प पेपरच घेऊन येईल.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं असं आहे. प्रवासी बोटीच्या प्रत्येक तिकिटावर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचं नाव, प्रवासी क्षमता आणि विम्याचा पॉलिसी क्रमांक छापल्याशिवाय ते तिकीट चालू नये. तोच मजकूर धक्क्यावर मराठीत, ठळक अक्षरात लावावा. यासाठी कुठल्या परदेशी तज्ज्ञाची गरज नाही, पावतीपुस्तक छापणारा छापखाना पुरे.

प्रत्येक धक्क्यावर अपघाताची वही असावी. कोणाला लागलं, कोणत्या बोटीत, बोटीत किती माणसं, दोन साक्षीदारांची नावं, तांडेलाची सही, आणि त्याची एक प्रत जखमीच्या हातात, त्याच दिवशी. वही ठेवायची जबाबदारी नेमकी कोणाची, हे नावानिशी लिहून द्या. जखमी माणसाने तीन कार्यालयं हिंडू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोटीच्या प्रवाशाचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालावा. न्यायाधीश आहेत, इमारत आहे, अपंगत्व मोजायची पद्धत आहे, विमा कंपन्यांचे वकील तिथे रोज उभे असतात. नवं काही बांधायचं नाही, "मोटार वाहन" या शब्दांशेजारी "प्रवासी नौका" हे शब्द हवेत. त्यासाठी केंद्राचा कायदा बदलावा लागेल, हे मला ठाऊक आहे. पण तसा ठराव तुमच्या दोन्ही सभागृहांना करता येतो, आणि राज्याच्या अखत्यारीतले नियम तर तुम्हालाच करायचे आहेत. चूक सिद्ध न करता गंभीर इजेला ठरावीक रक्कम, जशी रस्त्यावर आहे, तशी पाण्यावरही असावी. त्यानंतर ज्याला पुरी भरपाई हवी त्याने पुरावे देऊन ती मागावी. मी देईन माझे.

सरकारने दिलेली सानुग्रह मदत ही दाव्यातून वजा होऊ नये, आणि ती घेतली म्हणून दावा संपला असं कोणी म्हणू नये, एवढं एक वाक्य त्या आदेशातच असावं. घाबरलेली, अडलेली माणसं पहिला धनादेश हातात आला की पुढचा रस्ता सोडून देतात.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी हा तारांकित प्रश्न लावावा: राज्यातल्या किती प्रवासी बोटींचा विमा आज चालू आहे, आणि गेल्या पाच वर्षांत त्या विम्यातून किती जखमी प्रवाशांना प्रत्यक्ष पैसे मिळाले? मला ते उत्तर हवं आहे. माझी चिठ्ठीवजा पावती, केसपेपर, अपंगत्वाचा दाखला आणि भाचीचा तो फोटो, या सगळ्याच्या झेरॉक्स मी तयार ठेवल्या आहेत. ज्या सदस्यांना हव्या असतील त्यांनी कळवावं, मी स्वतः आणून देईन.

हे पत्र मुलीने टाइप केलं आहे. खालची सही मी डाव्या हाताने केली आहे.

आपली,
एक शिवणकाम करणारी प्रवासी
पनवेल, जि. रायगड